नववी ‘ब’चा पट

जोगेश्वरीच्या म्युनिसिपल हायस्कुलात मी रुजू झाले ती ब्याऐंशी सालच्या जूनमध्ये. बी.एस्सी., बी.एड. झालेली, वय तेवीस, अंधेरीत आईवडिलांकडे राहत होते. नेमणुकीचं पत्र पर्समध्ये दुमडून ठेवलं होतं आणि बसमध्ये दोनदा काढून वाचलं होतं, की शाळेचा पत्ता चुकीचा तर नाही.

मुख्याध्यापकांना सगळे मोठे सर म्हणत. मी त्यांच्या खोलीत गेले तेव्हा ते टेबलावर एक भलामोठा ड्रॉइंग पेपर पसरून वेळापत्रक आखत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, “विषय?”

“गणित, सर. आणि सायन्स.”

“छान. भूगोल घ्याल?”

“भूगोल माझा विषय नाही, सर.”

“तो इथे कोणाचाच नाही,” ते म्हणाले आणि सातवी, आठवी, नववीचा भूगोल माझ्या नावावर टाकला. त्यांच्या हातात पेन्सिल होती. मी जरा धीर करून विचारलं, की असं मोठं वेळापत्रक शाईने का नाही लिहीत. त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. “शाईने लिहायला माणसं लागतात, बाई. अकरा जागा आहेत. तुम्हाला धरून सात जण आहोत.”

स्टाफरूममध्ये अकरा खुर्च्या होत्या. रिकाम्या चार खुर्च्यांवर वह्यांचे गठ्ठे रचलेले असत. चित्रकलेचे सर रिटायर झाल्यावर त्यांच्या जागी कोणी आलंच नव्हतं. हिंदीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर होत्या. सायन्सच्या सरांची बदली झाली होती आणि जाताना ते प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली खिशात घेऊन गेले होते. शिपाई बिजागरीचे स्क्रू काढून कपाट उघडायचा आणि तास संपला की परत बसवायचा. त्यामुळे ऑक्सिजन तयार करायचा तर त्याला आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागे.

त्या स्टाफरूमच्या खऱ्या मालकीणबाई म्हणजे मराठीच्या बाई. पन्नाशीच्या, ठेंगण्या, आवाज असा की वर्गात एक बोलल्या तर शेजारचे दोन वर्ग गप्प बसत. शाळेत समुपदेशक वगैरे काही नव्हतं, तो शब्दसुद्धा तेव्हा कोणी ऐकला नव्हता. पण बाईंच्या कपाटात वह्यांच्या मागे खोबरेल तेलाची बाटली, कंगवा, सुईदोरा, सेफ्टी पिना, जुन्या साडीचे धुतलेले तुकडे आणि चिवड्याचा डबा असायचा. पोरी मधल्या सुट्टीत दाराशी येऊन नुसत्या उभ्या राहत. बाई काही न विचारता कपाट उघडत. कोणाला काय हवंय हे त्यांना चेहऱ्यावरून कळायचं. मला महिनोन्महिने बघूनही ते जमलं नाही.

माझ्याकडे वर्ग दिला नववी ‘ब’. कॅटलॉगवर एकेचाळीस नावं. आमची माध्यमिक शाळा दुपारची भरायची, सकाळी त्याच खोल्यांत प्राथमिकची मुलं बसत. त्यामुळे बाकं लहान होती आणि माझी नववीतली उंच मुलं गुडघे कडेला काढून तिरकी बसायची. सगळा वर्ग लग्नाच्या पंगतीत बसल्यासारखा दिसायचा. मला ती पोरं फार आवडायची. अगदी पहिल्या दिवसापासून.

त्यातली निम्मी कोकणातल्या घरांची. वडील गिरणीत, आणि गिरण्यांचा संप सुरू होऊन तेव्हाच पाच महिने झालेले. सुरुवातीला मला वर्गात त्याचं काही दिसलं नाही. मग हळूहळू दिसायला लागलं. कंपासपेटी तिघांत एक झाली. डबा आणणारे मधल्या सुट्टीत ‘भूक नाही बाई’ म्हणून मैदानात पळू लागले. जुलैत तीन नावांपुढे रोज ‘अ’ पडू लागला. गणपतीला अर्धा वर्ग गावी गेला आणि गणपती विसर्जन होऊन आठवडा लोटला तरी बरीच मुलं परत आलीच नाहीत. एका सोमवारी मी हजेरी घेतली तर समोर सत्तावीस जण होते.

स्टाफरूममध्ये मी हे मराठीच्या बाईंना सांगितलं. त्या वह्या तपासत होत्या. लाल पेन थांबलं.

“अगं, हे मोठ्या सरांना सांगितलंस?”

“नाही. का?”

“दसऱ्यानंतर पटतपासणी येते. शिक्षण खात्याचा साहेब वर्गात येऊन डोकी मोजतो. ‘अ’ आणि ‘ब’ मिळून पोरं कमी भरली की दोन तुकड्यांची एक करतात. एक तुकडी गेली की एक शिक्षक जास्तीचा. त्याला म्हणायचं अतिरिक्त. आणि जो शेवटी आला तो आधी जातो.”

शेवटी आलेली मीच होते. चार माणसं कमी असलेल्या शाळेत मी जास्तीची कशी, हे मला काही केल्या उलगडेना. बाई म्हणाल्या, “कागदाचं गणित वेगळं असतं गं. ते तुझ्या बी.एस्सी.त शिकवत नाहीत. चल, शाळा सुटली की निघू.”

“कुठे?”

“पोरं शोधायला.”

तेव्हापासून आम्ही दोघी रोज संध्याकाळी, शाळा सुटली की जोगेश्वरीच्या जुन्या गुंफेकडच्या उतारावरच्या वस्तीत जाऊ लागलो. पायऱ्या पायऱ्यांची वाट, दोन्ही बाजूंनी घरं, मधून गटार. बाई पदर खोचून पुढे आणि मी मागे कॅटलॉग छातीशी धरून. दारादारातून चहाचा आग्रह व्हायचा. काही घरांना कुलूप होतं. शेजारी सांगायचे, “ती मंडळी गावाला गेली, बाई. संप मिटला की येतील.” एक घर गोवंडीला कोणा नातेवाइकाकडे हललं होतं. दोघी बहिणी मात्र घरीच सापडल्या, दोघींत एकच गणवेश म्हणून एक दिवसाआड येत होत्या. बाईंनी दुसऱ्या दिवशी कपाटातून एक गणवेश काढला. तो कुठून आला हे मी विचारलं नाही.

आणि मग ती सापडली.

ती माझ्या वर्गातली गणितातली सगळ्यांत हुशार मुलगी. बारीक दोन वेण्या, पेन्सिलीचं टोक चावायची सवय. जुलैच्या सुरुवातीला मी फळ्यावर एक प्रमेय सोडवलं होतं, तेव्हा तिने हात वर करून म्हटलं होतं, “बाई, हे दोन ओळींत होतं,” आणि फळ्यावर येऊन खरंच दोन ओळींत करून दाखवलं होतं. त्यानंतर दोन आठवड्यांनी ती यायची बंद झाली. मला वाटलं होतं तीही गावाला गेली.

घरात ती जमिनीवर बसली होती. पुढ्यात केसांच्या पिनांचा ढीग आणि पुठ्ठ्याच्या कार्डांची चळत. एका कार्डावर डझनभर पिना ओळीने खोचायच्या, असं घरी करायचं काम. आई अंधेरीला चार घरी स्वयंपाकाला जायची. संपावरचे वडील रोज सकाळी नाक्यावर उभे राहून मिळेल ते काम करत. पाच वर्षांची धाकटी बहीण तिच्या मांडीला टेकून बसली होती. आम्हाला बघून मोठी चटकन उठली, बसायला पाट दिले, पाणी दिलं आणि परत बसून पिना खोचू लागली. बोट थांबत नव्हतं.

मराठीच्या बाई शेजारच्या घरी डोकावायला गेल्या. मी तिच्याजवळ बसले. शाळेत ये, नववी बुडवू नकोस, असं सगळं बोलले. ती ऐकत होती. मग म्हणाली, “बाई, एक विचारू?”

“विचार ना.”

“पोरं कमी झाली तर तुम्हाला काढणार ना?”

“तुला कोणी सांगितलं?”

“सगळ्यांना माहितीये. पीटीचे सर बोलत होते म्हणे.”

“काढणार नाहीत. दुसऱ्या शाळेत पाठवतील.”

“म्हणजे तेच ना.” तिने एक कार्ड पुरं करून बाजूला ठेवलं. “तपासणी कधी आहे ते सांगा. मी त्या दिवशी येते.”

ती मनापासून म्हणत होती. माझ्यावर उपकार करायला निघाली होती ती, चौदा वर्षांची. तिच्या डोक्यात मी पायऱ्या चढून आले होते ते माझी नोकरी वाचवायला, आणि तिला त्यात काही गैरही वाटत नव्हतं. ज्याला त्याला काम टिकवायचंच असतं, हे तिच्या घरात सगळ्यांना कळत होतं. मी कसंबसं म्हटलं, “एका दिवसासाठी येऊ नकोस,” आणि उठले.

उतरताना मी पायऱ्या मोजत होते. बाईंनी दोन वळणं वाट पाहिली, मग म्हणाल्या, “काय झालं गं?” मी सांगितलं. वर हेही सांगितलं, की ती म्हणाली ते खोटं नाही. रोज कॅटलॉग घेऊन निघते तेव्हा मनात आधी माझाच आकडा असतो.

बाई पायरीवर थांबल्या. दम लागला होता त्यांना. “हे बघ, तू कशासाठी गेलीस याच्याशी त्या पोरीला काही घेणं नाही. तिला गणित येतं आणि तुला ते शिकवता येतं. तेवढं बघ. मनाचं काय ते नंतर घरी जाऊन बघ.”

रविवारी मी एकटी गेले, तिच्या वडिलांना भेटायला. उंच, खांद्याने रुंद माणूस, पण त्या घरात वाकून बसल्यासारखा वाटत होता. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “बाईनू, मी गिरणीत इतकी वर्सं काढली, एक खाडो नाय केलंय. आता पोरगी खाडे करता म्हणान तुमी माझ्या दारात इलात. माझी गिरण बंद पडली, तर माझ्या दारात कोण येवक नाय.”

मी म्हटलं, “दादा, गिरणीचं माझ्या हातात काही नाही. मला फक्त गणित शिकवता येतं.”

ते बायकोकडे वळून म्हणाले, “बगलंस? खरा बोलता.” आणि मला म्हणाले, “पाठवतंय. पण काम पुरा झाल्याबिगर घराभायर नाय पडूची. धाकट्येक कोण बगतला, ता तुमीच सांगा.”

“तिलाही पाठवा,” मी म्हटलं. मोठ्या सरांना न विचारताच.

मंगळवारी ती आली. मधल्या सुट्टीनंतर, एका हाताला धाकटी, दुसऱ्या खांद्यावर पिशवी. मोठ्या सरांना मी सगळी हकीकत सांगितली. त्यांनी खोडरबर घेतलं आणि नववी ‘ब’चं गणित सुट्टीनंतरच्या दोन तासांवर आणून ठेवलं. सकाळचं काम संपवून येणारी ती एकटीच नव्हती. महिनाभरात अशी सातआठ मुलं झाली, की जी अर्ध्या दिवसाने यायची आणि त्यांना कोणी ‘उशीर का’ असं विचारायचं नाही असा सरांचा हुकूम होता.

एकदा भूगोलाच्या तासाला मी ब्राझीलची कॉफी शिकवत होते. पुस्तकात जेवढं होतं तेवढंच मला माहीत होतं, त्यामुळे सावकाश शिकवत होते. मागच्या बाकांवरून बारीक टिकटिक ऐकू यायला लागली. मी शिकवत शिकवतच मागे गेले. ती बाकाखाली पिना खोचत होती. शेजारची मुलगीही खोचत होती. पुढच्या बाकावरच्या दोघीही. चार पोरी माझ्याकडे टक लावून कॉफी ऐकत होत्या आणि आठही हात बाकाखाली चालू होते. धाकटी जमिनीवर बसून भरलेली कार्डं नीट रचत होती.

मी पिशवी उचलली. रागावले नव्हते, पण काय करायचं तेही सुचेना. तास संपल्यावर ती माझ्या मागे स्टाफरूमपर्यंत आली. डोळ्यांत पाणी, पण आवाज ताठ. “बाई, संध्याकाळी मुकादम न्यायला येतो. सगळी नाही झाली तर पुढचं काम देत नाही.”

मराठीच्या बाईंनी पिशवी माझ्या हातातून घेतली आणि स्टाफरूमच्या मोठ्या टेबलावर उलटी केली. पिना सगळीकडे पसरल्या. बाईंनी चष्मा नाकावर खाली ओढला, एक कार्ड उचललं आणि विचारलं, “वरून खोचायच्या की खालून?”

“खालून,” ती म्हणाली.

“जा तू वर्गात. पुढचा तास बीजगणिताचा आहे.”

मी त्या दिवशी बीजगणित शिकवलं आणि ती पहिल्यांदाच दोन्ही हात बाकावर ठेवून बसली. तास संपवून मी स्टाफरूममध्ये आले तर बाई खोचत होत्या, इतिहासाच्या बाई खोचत होत्या आणि पीटीचे सर लांब उभे राहून म्हणत होते, “मला इथे भालाफेक शिकवायला ठेवलंय. हे आपल्याला नाही जमणार.” मराठीच्या बाई नुसत्या त्यांच्याकडे बघत राहिल्या. सर बसले. तेवढ्यात मोठे सर दारात आले. टेबलाकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि एक शब्द न बोलता परत गेले. आम्ही सगळे गार. इतिहासाच्या बाईंनी तर कार्डं पदराखाली लपवली. दोन मिनिटांनी सर परत आले. ते जवळचा चष्मा आणायला गेले होते.

त्यानंतर ते रोजचंच झालं. ज्याला ऑफ तास असेल तो बसायचा. खरं तर आम्हाला ऑफ तास जेमतेम मिळायचे, कारण रिकाम्या जागांचे वर्गही आम्हीच सांभाळायचो. पण जो काही वेळ मिळे त्यात हात चालायचे आणि तोंडही. मी शिक्षकी जी काही शिकले ती त्या टेबलाभोवती. वर्ग हाताबाहेर गेला तर आवाज वाढवायचा नाही, उलट कमी करायचा, हे मला तिथेच कळलं. कोणाच्या घरी कोण आजारी, कोणता बाप दारू पितो, कुठली पोर कविता करते, हे सगळं तिथे बोललं जायचं. पीटीच्या सरांची कार्डं वाकडी व्हायची. एकदा मुकादमाने त्यांची सगळी कार्डं परत पाठवली. ती पोर हसू दाबत त्यांना म्हणाली, “सर, तुम्ही मोठी बोटं बाहेर ठेवा. नखाने खोचा.” सरांनी मान डोलावली आणि आज्ञाधारक विद्यार्थ्यासारखं नखाने खोचून दाखवलं. आम्ही एवढ्या हसलो की शेजारच्या वर्गातली पोरं खिडकीत आली.

तपासणी दसऱ्यानंतर चार दिवसांनी झाली. साहेब चांगला माणूस होता. तो स्टाफरूममध्ये न कळवता शिरला आणि टेबलावरच्या पसाऱ्याकडे बघत राहिला. “हे काय चाललंय?”

मोठे सर म्हणाले, “पट टिकवतोय, साहेब.” आणि मग सगळं खरं खरं सांगितलं.

साहेब वर्गात आला. डोकी मोजली. धाकटीलाही मोजलं. ती पहिल्या बाकावर पाटी घेऊन ऐटीत बसली होती. “साहेब, ही पटावर नाही,” मोठे सर म्हणाले, आणि सगळा वर्ग हसला, साहेबही हसला. मग त्याने कागदावर बेरीज केली आणि त्याचं हसू गेलं. दोन्ही तुकड्या मिळून चार मुलं कमी पडत होती.

आम्ही सरांच्या खोलीत गेलो. मी दाराशी उभी होते. साहेबाने पेन खाली ठेवलं आणि हळूच म्हणाला, “गावाला गेलेली मुलं दिवाळीनंतर परत येणार आहेत, असं तुम्ही लिहून द्या. चारच नावं. मी मान्य करतो.”

मोठे सर माझ्याकडे बघत होते. मला वाटलं ते लिहितील. मला अगदी मनापासून वाटत होतं, लिहा. त्यांचा हात कागदापर्यंत गेलासुद्धा.

“येणार असती तर मीच लिहिलं असतं, साहेब,” ते म्हणाले. “त्यांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यांवर मीच सही केली आहे.”

नववी ‘अ’ आणि ‘ब’ एक झाल्या. सत्तरेक मुलं एका खोलीत, लहान बाकांवर तिघं तिघं. आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर मी गोवंडीच्या शाळेत हजर व्हावं असं पत्र आलं.

शेवटच्या दिवशी ती स्टाफरूमच्या बाहेर थांबली होती. भयंकर चिडलेली. “मग आम्ही एवढे आलो ते फुकटच ना?”

मी म्हटलं, “तू माझ्यासाठी येत होतीस का?”

तिने मान खाली घातली. “आधी,” ती म्हणाली. “आता नाही.”

“मग झालं तर.”

हे मी फार समजूतदारपणे म्हटलं, पण बसस्टॉपवर जाऊन पदर तोंडाला लावून रडले. मोठ्या सरांचा मला राग आला होता. घरी आईला म्हटलं, एका सहीने काय बिघडत होतं? आईलाही तसंच वाटलं.

गोवंडीला जायला दोन बसेस बदलाव्या लागायच्या. नवी शाळा, नवी पोरं, आणि तिथेही निम्म्या खुर्च्या रिकाम्या. डिसेंबरात मराठीच्या बाईंचं पोस्टकार्ड आलं. चारच ओळी होत्या. गणिताला कोणी नाही. इतिहासाच्या बाई पुस्तक हातात धरून उदाहरणं घालतात आणि उत्तर शेवटच्या पानावरून सांगतात. ती पोर वर्गात उभी राहून बाकीच्यांना रीत सांगते. शनिवारी तुझी सकाळची शाळा असते ना?

माझी शनिवारी सकाळची शाळा असायची, आणि जोगेश्वरीलाही शनिवारी शाळा लवकर सुटायची. मी त्या शनिवारी गेले, दुपारी, आणि मग दीड वर्ष जात राहिले. ते जादा तास कोणत्या कागदावर नव्हते. शिपाई वर्ग उघडून द्यायचा, मोठे सर बाहेर व्हरांड्यात खुर्ची टाकून बसायचे आणि उशिरा येणाऱ्यांना हाताने ‘जा, आत जा’ अशी खूण करायचे. आम्ही दोघं एकमेकांशी कामापुरतं बोलायचो. त्या शनिवारांची मला आजही सय येते. शाळा रिकामी, मैदानात ऊन, आणि वीसबावीस पोरं स्वतःच्या मर्जीने भूमिती करायला बसलेली. हजेरी नाही, घंटा नाही. कोणाचं गणित सुटलं की तो नुसता ‘झालं!’ म्हणून ओरडायचा आणि बाकीचे म्हणायचे, “गप रे, सांगू नको!”

दरम्यान संप फसला. तिचे वडील गिरणीत परत गेलेच नाहीत. एका कंपनीच्या गेटवर वॉचमन म्हणून लागले. पिनांचं काम बंद झालं नाही, पण कमी झालं. धाकटी पहिलीत गेली, आमच्याच इमारतीत, सकाळच्या शाळेत. आता ती खरोखरच पटावर होती.

दहावीचा निकाल लागला त्या दिवशी मी गोवंडीहून रजा टाकून आले. ती पास झाली होती. इंग्रजीत काठावर, गणितात शाळेत पहिली. तिचे वडील वॉचमनच्या खाकी कपड्यांतच आले, खांद्यावर गावचा फणस घेऊन. तो त्यांनी स्टाफरूमच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “कापो आसा. बाईनूक बरो लागतलो.” पुढचे चार दिवस त्या खोलीला दुसरा कसला वास आला नाही म्हणे.

ती पुढे आयटीआयला गेली, ड्राफ्ट्समनच्या कोर्सला. मुलीने नकाशे आखायचे म्हणजे काय, यावर वस्तीत पुष्कळ चर्चा झाली. नंतर घाटकोपरला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात लागली. एकदा मला भेटायला गोवंडीला आली होती, हातात लांब नळकांडं. त्यातून एका इमारतीचा नकाशा काढून टेबलावर पसरला आणि म्हणाली, “बाई, या जिन्याच्या पायऱ्या मी काढल्यात.” एवढंच. चहा पिऊन गेली.

मराठीच्या बाई रिटायर झाल्या अठ्ठ्याऐंशीत. समारंभाला मी गेले. मोठे सरही आले होते. तेही रिटायर होऊन मुलुंडला मुलाकडे राहत होते आणि एकदम म्हातारे दिसत होते. भाषणं झाली, बाईंनी स्वतःच्या सत्काराच्या भाषणातही दोन मुलांना ‘सरळ बसा’ म्हणून दटावलं. मग वडे आणि चहा आला. खुर्च्या कमी होत्या म्हणून आम्ही तिघं एका वर्गात जाऊन प्राथमिकच्या बाकांवर गुडघे काढून बसलो.

सर बशीत चहा ओतत म्हणाले, “बाई, एक सांगायचं राहिलंय. त्या वेळी ती चार नावं लिहिली असती तर तुम्ही इथेच राहिला असता. माझ्या मनातून ते गेलं नाही. तुमच्याकडे बघायलाही मला जड जायचं.”

इतकी वर्षं मला वाटत होतं की फक्त मीच त्यांच्याशी बोलत नव्हते.

“सर,” मी म्हटलं, “मला तेव्हा तुमचा फार राग आला होता. वर्षभर तरी होता.”

“असणारच.”

“मग मी गोवंडीत वर्गशिक्षिका झाले आणि माझ्याकडे एकदा असाच कागद आला. सहा नावं कमी होती.”

“काय केलंत?”

“नाही लिहिली.”

सरांनी मान हलवली. खूश झाले की आणखी वाईट वाटलं, मला कळलं नाही. मराठीच्या बाईंनी मध्येच विचारलं, “आणि मग कोण गेलं गं तिथून?”

“एक नवीन मुलगा होता. हिंदीचा. सांताक्रूझला गेला.”

“बरा आहे ना?”

“शनिवारी येतो,” मी म्हटलं.

बाई मोठ्याने हसल्या, सरही हसले, हसता हसता त्यांना वड्याचा ठसका लागला. बाईंनी त्यांच्या पाठीवर दोन दणके घातले आणि मला म्हणाल्या, “अगं बघतेस काय, पाणी आण.” मी बाहेर नळावर गेले.